वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची ओढ आणि तिची कारणे

घरी बसून संगीत ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा, म्हणजेच ट्यूबचा, अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, या विषयावर आलेल्या पत्रांची संख्या पाहता या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चांगल्या प्रतीचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आहे. एका मित्राने आपला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणून माझ्याच स्पीकरना जोडला, तेव्हा गाणाऱ्याचा आवाज अधिक जवळून आणि अधिक भरीव येत असल्यासारखे वाटले. माहितीपत्रकात मात्र त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचे विरूपण (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ ध्वनीत होणारा बिघाड) १ टक्का आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचे ०.००५ टक्के दिले आहे. मग मला जे ऐकू आले तो भ्रम समजावा का?

उत्तर : भ्रम समजण्याचे कारण नाही. आपण ऐकलेला फरक बहुधा खराच आहे. मात्र त्याचे मुख्य कारण विरूपणाच्या आकड्यात नसून माहितीपत्रकात सहसा न छापल्या जाणाऱ्या दुसऱ्याच एका आकड्यात असण्याची शक्यता अधिक आहे. तो आकडा म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरला प्रवाह पुरवताना अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच होणारा अटकाव.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीतून प्लेटकडे जातात. तिथे व्होल्टेज शेकड्यांत असते आणि प्रवाह मात्र मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतकाच असतो. स्पीकरची गरज नेमकी उलटी, म्हणजे थोडे व्होल्टेज आणि भरपूर प्रवाह अशी असल्यामुळे दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. व्हॉल्व्हला ५,००० ओहमचा भार दिसावा आणि प्रत्यक्षात स्पीकर ८ ओहमचा असावा, असे हवे असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ ठेवावे लागते. एवढे करूनही, ज्या रचनेत निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून परत इनपुटला देऊन चुका कमी करण्याची युक्ती) वापरलेला नसतो किंवा अगदी थोडा वापरलेला असतो, तिचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहमच्या आसपास राहतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तोच ०.०५ ओहम किंवा त्याहूनही कमी असतो.

हा फरक कानापर्यंत कसा पोहोचतो, ते एका हिशेबाने पाहू. स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेले असले, तरी त्याचा इम्पिडन्स प्रत्येक कंपनसंख्येला वेगळा असतो. एखाद्या स्पीकरमध्ये तो खालच्या मध्य सप्तकात ५ ओहमपर्यंत उतरतो, तर खर्जातल्या अनुनादाच्या जागी आणि दोन ड्रायव्हरच्या (स्पीकरमधील खर्जाचा आणि वरच्या स्वरांचा असे ध्वनी देणारे घटक) सांध्याजवळ ३० ओहमपर्यंत चढतो. अशा स्पीकरला २ ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, की ५ ओहमच्या जागी मूळ व्होल्टेजचा सुमारे ७१ टक्के भाग पोहोचतो आणि ३० ओहमच्या जागी सुमारे ९४ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक जवळजवळ २.४ भरतो. ०.०५ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरने त्याच दोन जागांमध्ये पडणारा फरक ०.१ डेसिबललाही पोहोचत नाही. म्हणजे आपल्या मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरने आपल्या स्पीकरचा नाद काही ठिकाणी दोन-सव्वादोन डेसिबलने उचलला, आणि तोही आवाजाच्या मोठ्या पट्ट्यावर. एवढा बदल कोणत्याही लक्षपूर्वक ऐकणाऱ्या माणसाला जाणवतो. ड्रायव्हरच्या सांध्याजवळचा उठाव २,००० हर्ट्झच्या आसपास आला, तर गायकाचे शब्द पुढे सरकतात. खर्जातला उठाव आवाजाला अंग देतो. ‘जवळ’ आणि ‘भरीव’ हे आपले दोन्ही शब्द या वर्णनात चपखल बसतात.

याच कारणाने एकच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर एका घरात मोहून टाकतो आणि दुसऱ्या घरात बोजड, सैल खर्जाचा वाटतो. माझ्या मते व्हॉल्व्हविषयीच्या निम्म्या वादांचे मूळ इथे आहे, कारण वाद घालणारे दोघेही खरे बोलत असतात, फक्त त्यांचे स्पीकर वेगळे असतात.

आता विरूपणाकडे येतो, कारण त्याचाही वाटा आहे. १ टक्का म्हणजे मूळ ध्वनीपेक्षा ४० डेसिबलने खाली आणि ०.००५ टक्के म्हणजे ८६ डेसिबलने खाली. आकड्यांतील हे अंतर प्रचंड आहे. परंतु विरूपण किती आहे याच्या बरोबरीने ते कोणत्या प्रकारचे आहे हे पाहिले पाहिजे. समजा, २४० हर्ट्झचा षड्ज वाजतो आहे. अ‍ॅम्प्लिफायरने त्यात दुसरा हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर; तिसरा तिप्पट, याप्रमाणे) मिसळला, तर तो ४८० हर्ट्झवर, म्हणजे तार षड्जावर पडतो. तिसरा ७२० हर्ट्झवर, म्हणजे तार सप्तकातल्या पंचमावर, आणि पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातल्या गंधारावर येतो. तंबोऱ्याची तार कान देऊन ऐकणाऱ्यांना हे सारे स्वर परिचित आहेत, कारण ते मुळातच त्या तारेत असतात. सातवा मात्र कोमल निषादाच्या किंचित खाली, कोणत्याही स्वरावर न बसणारा असा पडतो आणि नववा, अकरावा असे वरचे विषम हार्मोनिक अगदी अल्प प्रमाणातही कानाला टोचू लागतात. एकाच ट्रायोड (कॅथोड, प्लेट आणि प्रवाह नियंत्रित करणारी जाळी म्हणजे ग्रिड, असे तीनच भाग असलेल्या) व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरचे विरूपण मुख्यत्वे दुसऱ्या हार्मोनिकचे असते. तो मूळ स्वराच्या वरच्या षड्जावर बसत असल्याने आणि मूळ ध्वनीतही तो असल्याने वेगळा असा ऐकू येत नाही. स्वर थोडा अधिक गोलाईचा वाटतो, एवढेच.

या गोडव्याला एक मर्यादा आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. व्हॉल्व्हच्या वागण्यातल्या ज्या वक्रतेमुळे, म्हणजे इनपुटच्या अगदी प्रमाणात आउटपुट न येण्यामुळे, एका स्वराला त्याचा तार षड्ज जोडला जातो, त्याच वक्रतेमुळे एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे स्वर तयार होतात, आणि ते सुरात असतीलच असे नाही. एकटा गळा, एखादी सारंगी किंवा सतार असेल तोवर हे उपद्रवी ठरत नाही. शंभर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा एकदम उसळला की मात्र सगळे एकमेकांत मिसळून गढूळ होते. सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरचे चाहते तो ऐकवताना बहुतेक वेळा मोजक्या वाद्यांचे संगीत निवडतात, त्यामागे हेच कारण आहे.

शिवाय ‘व्हॉल्व्ह म्हणजे दुसरा हार्मोनिक’ हे सरसकट विधानही बरोबर नाही. घरगुती व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपैकी पुष्कळसे पुश-पुल रचनेचे असतात. त्यांत दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात आणि त्या ओढाताणीत सम हार्मोनिक एकमेकांना बऱ्याच अंशी छेदून जातात. मागे जे उरते त्यात तिसऱ्याचा भाग मोठा असतो. तरीही पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर लोकांना आवडतात, आणि त्यांच्या बाबतीत मी कारणांचा शोध पुन्हा आउटपुट इम्पिडन्सपासूनच सुरू करीन.

प्रश्न : वडीलधारी मंडळी सांगतात, की ट्रान्झिस्टर आले आणि संगीतातला गोडवा गेला. यात तथ्य किती आणि जुन्या आठवणींचा भाग किती?

उत्तर : तथ्य आहे, पण ते एका विशिष्ट काळापुरते. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यमसन यांनी ट्रायोड व्हॉल्व्ह आणि भरपूर निगेटिव्ह फीडबॅक वापरून केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध झाली आणि व्हॉल्व्हच्या तंत्राने एक मोठी उंची गाठली. पुढे १९६० च्या दशकात घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर आले, तेव्हा त्यांची तुलना ऐन बहरात असलेल्या व्हॉल्व्हशी होत होती.

सुरुवातीचे पॉवर ट्रान्झिस्टर मंद होते, तापमान वाढले की त्यांचा प्रवाह हाताबाहेर जाई, आणि परस्परपूरक अशा चांगल्या जोड्या मिळत नसत. उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा स्थिर (ध्वनी नसतानाही वाहणारा) प्रवाह फार कमी ठेवला जाई. त्यामुळे ध्वनिलहर शून्य ओलांडताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवले जाण्याच्या क्षणी लहरीत खाच पडे. या क्रॉसओव्हर विरूपणाची वाईट गोष्ट अशी, की ध्वनी जितका हळुवार तितके त्याचे प्रमाण अधिक. मैफल रंगात येण्याआधीच्या मंद आलापीत, स्वर विरत जाताना, ते अधिक बोचते. आणि त्यात विषम, वरचे हार्मोनिक भरपूर असतात. पूर्ण शक्तीला मोजलेला विरूपणाचा आकडा मात्र कागदावर देखणा दिसतो. त्या काळच्या श्रोत्यांनी कानाने दिलेला निर्णय यंत्राच्या आकड्यापेक्षा खरा होता, हे मी आवर्जून नमूद करतो.

हा दोष पुढे दूर झाला. १९७८ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्वाड कंपनीच्या तीन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना केली गेली. त्यांतला क्वाड २ हा १९५३ सालचा व्हॉल्व्हचा होता, तर ३०३ आणि ४०५ हे ट्रान्झिस्टरचे होते. आवाजाची पातळी समान ठेवून आणि कोणता अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे हे लपवून ऐकवल्यावर श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. इथे लक्षात घ्यावे, की क्वाड २ मध्ये फीडबॅकची योजना काळजीपूर्वक केलेली होती. म्हणजे तटस्थ राहण्यासाठी बनवलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या मर्यादेत तटस्थच राहतो.

याच्या उलट टोकाचा प्रयोग अमेरिकेत १९८५ मध्ये झाला. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना सांगितले, की तुम्ही निवडाल त्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा माझा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मी ऐकवून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर निवडला. कार्व्हर यांनी दोन्ही यंत्रांच्या आउटपुटमधील फरक मोजत मोजत आपले यंत्र जुळवत नेले आणि शेवटी संपादकांना दोहोंत फरक सांगता आला नाही. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले, की व्हॉल्व्हचा नाद काचेच्या नळीत अडकून पडलेला नाही, तो मोजता आणि उतरवताही येतो, हे स्पष्ट होते. त्याने व्हॉल्व्हचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. जो नाद आवडतो तो कशामुळे येतो हे समजल्यावर तो मिळवण्यासाठी चुकीच्या ठिकाणी खर्च होत नाही, हा त्याचा खरा उपयोग आहे.

एका संदर्भाविषयीही सांगितले पाहिजे. व्हॉल्व्ह श्रेष्ठ असल्याचा पुरावा म्हणून रसेल हॅम यांच्या १९७३ च्या शोधनिबंधाचा उल्लेख वारंवार होतो. तो निबंध ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतील मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेल्यावर कसे वागतात, याविषयी आहे. घरातला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेत चालत असताना त्यातले निष्कर्ष लागू करता येत नाहीत.

प्रश्न : ‘व्हॉल्व्हचे वॉट मोठे असतात’ असे ऐकले आहे. आठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बैठकीच्या खोलीला पुरेल का?

उत्तर : वॉट सर्वत्र सारखाच. समज निर्माण होण्यामागे एक निरीक्षण आहे. थोडा फीडबॅक असलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेच्या टोकाला पोहोचला की लहरीचा माथा हळूहळू चपटा होतो. भरपूर फीडबॅक असलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर तोच माथा कात्रीने कापल्यासारखा छाटतो. त्यामुळे पहिल्या प्रकारात टोकाचे काही डेसिबल फारसा त्रास न देता निघून जातात. मात्र फीडबॅक भरपूर असेल, तर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायरही बऱ्यापैकी तीक्ष्णच छाटतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर खोलीत कमी आणि स्पीकरमध्ये अधिक आहे. सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मानाचे स्थान असलेला ३००बी हा ट्रायोड वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये आणला. त्याच्याकडून साधारण आठ वॉट मिळतात. त्या काळी चित्रपटगृहे अशा मोजक्या वॉटवर भरत, कारण पडद्यामागचे भोंग्याचे स्पीकर अतिशय कार्यक्षम होते. आजच्या घरातला सर्वसाधारण स्पीकर एक वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. आठ वॉटला तो ९७ डेसिबलपर्यंत जाईल आणि तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला दोन्ही स्पीकर मिळून ९४ डेसिबलच्या आसपास शिखरे ऐकू येतील. संगीताची शिखरे सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर असतात, हे धरले तर सरासरी ऐकणे ७४ ते ७९ डेसिबलवर येते. गायन, छोटी वाद्ये आणि शांतपणे ऐकणारा श्रोता यांना हे पुरते; ढोल किंवा मोठा वाद्यवृंद प्रत्यक्षासारखा ऐकायचा असेल तर पुरत नाही. स्पीकर ९५ डेसिबलचा असेल, तर त्या सात डेसिबलमुळे आठ वॉट चाळीस वॉटसारखे काम करतात. म्हणून कमी शक्तीचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मनात असेल, तर आधी स्पीकर निवडावा आणि मग अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकर बदलायचा नसेल, तर ईएल३४ किंवा केटी८८ या पॉवर व्हॉल्व्हच्या पुश-पुल जोड्यांचा तीस ते पन्नास वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पाहावा.

प्रश्न : स्वस्त हायब्रिड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुढे दोन लहान व्हॉल्व्ह चमकताना दिसतात. त्यांत व्हॉल्व्हचा नाद असतो का?

उत्तर : बहुतेक वेळा नाममात्र. स्पीकर चालवण्याचे काम त्यात ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी (अतिशय वेगाने चालू-बंद होऊन कमी उष्णतेत काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) मोड्यूल करत असल्याने आउटपुट इम्पिडन्स कमीच राहतो. काही यंत्रांत तर व्हॉल्व्हला जेमतेम दोन-तीन डझन व्होल्ट दिलेले असतात आणि नळीखालचा प्रकाश कॅथोड तापवणाऱ्या हीटरचा नसून एलईडीचा असतो. चांगले हायब्रिडही बनतात, पण ते वरवरच्या झगमगाटावरून ओळखता येत नाहीत.

प्रश्न : व्हॉल्व्ह बदलून वेगवेगळ्या कंपन्यांचे लावले, तर नाद बदलतो असे सांगतात. त्यावर खर्च करावा का?

उत्तर : सदोष व्हॉल्व्ह बदलल्याने निश्चित फरक पडतो. चांगल्याच्या जागी दुसरा चांगला लावल्याने पडणारा फरक बहुधा लहान असतो आणि सर्किटमध्ये फीडबॅक असेल तर आणखी लहान. १२एएक्स७ हा सर्वांत प्रचलित लहान व्हॉल्व्ह ज्या प्रकारे काम करतो, त्यात कंपनीपरत्वे वर्धनाचा आणि अंगभूत खरखरीचा फरक असतो. आवाज किंचित मोठा झाला तरी तो ‘सुधारला’ असे वाटते, याचे भान ठेवावे. एक तपासणी मात्र उपयोगी आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून, संगीत बंद करून, लहान व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अगदी हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार बराच वेळ घुमत राहिला, तर आतली ग्रिड ढिली आहे. तो व्हॉल्व्ह बदलणे योग्य.

१२एएक्स७ च्या जागी १२एयू७ बसतो, पिनाही जुळतात, पण एकाचे वर्धन १०० आणि दुसऱ्याचे २० च्या आत असल्याने सर्किटचे सगळे गणित बदलते. मोठ्या पॉवर व्हॉल्व्हच्या बाबतीत तर निर्मात्याने अनुमती दिलेली नसताना प्रकार बदलूच नये. ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर घेतो आणि केटी८८ चा १.६, हा फरक क्षुल्लक दिसला तरी चार व्हॉल्व्हचा मिळून भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो, आणि बायसही (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह ठरवणारे ग्रिडचे व्होल्टेज) नव्याने लावावा लागतो.

प्रश्न : दोन अ‍ॅम्प्लिफायरची घरी खरी तुलना कशी करावी?

उत्तर : पहिली अट समान पातळी. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरवर १,००० हर्ट्झचा एकच स्वर वाजवून स्पीकरच्या अग्रांवर मल्टिमीटर लावावा आणि दोन्हीकडे व्होल्टेज सारखे येईल अशी पातळी करावी. फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत, असावा. साधे मल्टिमीटर १,००० हर्ट्झला चुकीचे वाचन देत असेल, तरी एकच मीटर दोन्हीकडे वापरल्यामुळे तुलनेत ती चूक निघून जाते. कानाने लावलेली पातळी पुरेशी नसते, कारण अर्धा डेसिबल जास्त असलेला अ‍ॅम्प्लिफायर ‘मोठा’ न वाटता ‘जिवंत’ वाटतो.

दुसरी अट अशी, की तारा बदलणारी व्यक्ती आणि ऐकणारी व्यक्ती वेगळी असावी आणि ऐकणाऱ्याला क्रम माहीत नसावा. निवडलेले ध्वनिमुद्रण रोजच्या परिचयाचे असावे. त्यात एखादी जागा अशी हेरून ठेवावी, जिथे स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकू येतो, आणि दुसरी अशी, जिथे खर्ज आणि गळा एकत्र येतात. पहिल्या जागी क्रॉसओव्हर विरूपण आणि व्हॉल्व्हची घरघर उघडी पडते. दुसरीत आउटपुट इम्पिडन्सचा परिणाम कळतो.

या चाचणीत फरक ऐकू आला नाही, तर निराश होण्याचे कारण नाही, आणि ऐकू आला तर लगेच निवाडाही करू नये. जो अ‍ॅम्प्लिफायर पहिल्या पाच मिनिटांत चमकदार वाटतो तो तासभर ऐकल्यावर कान थकवू शकतो. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर काही आठवडे आलटून पालटून वापरता आले, तर ते सर्वांत चांगले. मला स्वतःला पुश-पुल व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर गायनासाठी आवडतो. त्यामुळे गळा अधिक अचूक ऐकू येतो असा माझा दावा नाही, पण रात्री हळू आवाजात ऐकताना तो मला अधिक वेळ धरून ठेवतो, आणि घरातल्या ऐकण्यासाठी एवढे कारण मला पुरेसे वाटते. ध्वनिमुद्रणाचे परीक्षण करायचे असेल, तेव्हा मात्र मी ट्रान्झिस्टरच वापरतो.

प्रश्न : देखभाल, वीज आणि घरातील लहान मुले यांचा विचार करता व्हॉल्व्ह घेणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर : विजेचा हिशेब सरळ आहे. चार ईएल३४ असलेल्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरचे फक्त हीटर सुमारे ३८ वॉट घेतात. प्रत्येक प्लेटला ४३० व्होल्ट आणि ४५ मिलिअँपिअर धरले, तर त्या चार मिळून ७७ वॉट होतात. लहान व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरमधील हानी मिळवली, की एकही स्वर वाजत नसताना १२० ते १३० वॉट उष्णता खोलीत येते. क्लास डीचा अ‍ॅम्प्लिफायर याच वेळी याच्या एका लहानशा अंशावर भागवतो. पार्श्वभूमीला दिवसभर संगीत लावून ठेवण्याची सवय असेल, तर व्हॉल्व्ह घेऊ नये.

पॉवर व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास टिकतात. लहान व्हॉल्व्ह त्याहून बरेच जास्त. रोज तीन तास ऐकणाऱ्याला दोन हजार तास दोन वर्षांच्या आतच संपतात, म्हणून जुळवलेल्या जोडीची किंमत आधीच विचारून ठेवावी. काचेच्या आत वरच्या बाजूला चांदीसारखा मुलामा दिसतो, तो उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी असतो. तो दुधासारखा पांढरा पडला, तर नळीत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह निकामी झाला आहे. हीटरची नारिंगी चमक स्वाभाविक आहे. पण मधली राखाडी किंवा काळी धातूची प्लेट लालबुंद दिसू लागली, तर त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा.

सुरक्षिततेची बाब गंभीर आहे. काच हाताला भाजेल इतकी तापते, म्हणून घरात लहान मुले असतील तर जाळीचे आवरण असलेलेच यंत्र घ्यावे आणि जाळी काढू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट वीज, प्लग काढल्यावरही, शिल्लक राहू शकते आणि ती प्राणघातक ठरू शकते. खालचे झाकण स्वतः उघडू नये. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर संगीत चालवू नये, कारण भाराअभावी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून त्याचे इन्सुलेशन फुटते. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत धोका उलटा असतो. तिथे स्पीकर सुटला तर काही बिघडत नाही, तारा एकमेकींना टेकल्या तर बिघडते. दोन्ही प्रकारची यंत्रे वापरणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर कित्येक वर्षे कपाटात होता. तो चालू करून पाहावा का?

उत्तर : कृपया प्लग लावू नये. त्या काळातले कागदी कपॅसिटर झिरपू लागलेले असतात. ते अशा जागी असतात, की झिरपलेले व्होल्टेज पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येते, व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, प्लेट लाल होते आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. त्या यंत्रातली खरी मौल्यवान आणि सहजासहजी न मिळणारी वस्तू तो ट्रान्सफॉर्मरच आहे. व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये तयार होतात आणि मिळतात. ‘व्होल्टेज हळूहळू चढवत नेले की काही होत नाही’ असा सल्ला अनेकजण देतात. त्याने पॉवर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना थोडा उपयोग होऊ शकतो, पण झिरपणारा कागदी कपॅसिटर त्यामुळे दुरुस्त होत नाही.

व्हॉल्व्हच्या कामाचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडे यंत्र न्यावे आणि चार गोष्टी सांगाव्यात : कपलिंगचे कागदी कपॅसिटर बदलणे, इलेक्ट्रोलिटिक तपासून आवश्यक तर बदलणे, मेन्सची वायर बदलून अर्थिंग करणे, आणि त्यानंतरच बायस मोजून व्हॉल्व्ह लावणे. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून परत मागून घ्यावेत. जुने व्हॉल्व्ह चाचणीशिवाय फेकू देऊ नयेत, कारण कपाटात पडून राहिल्याने ते झिजत नाहीत आणि त्यांतले काही अजून पूर्ण आयुष्य राखून असण्याची शक्यता असते.